एकेचाळीस दिवसांची कांडी

‘काही माणसांचं कार्य कोणत्याही ॲसिडात विरघळत नाही.’

आप्पा, हे वाक्य माझं नाही. तुमच्या शोकसभेत अध्यक्षांनी ते म्हटलं आणि दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मग शोकसभा आहे हे आठवून त्यांनी हात मांडीवर ठेवले. तुम्ही असता तर मागच्या रांगेतून विचारलं असतं, कुठलं ॲसिड, किती तीव्र, आणि किती दिवस ठेवून बघितलं? अध्यक्षांनी काहीच ठेवून बघितलेलं नव्हतं. ते तुम्हाला दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तुम्हाला भूगोलाचे प्राध्यापक समजून विचारपूस केली होती.

त्याच्या आदल्याच दिवशी तुमच्या घरी पुण्यानुमोदनाला भंतेजींनी शांतपणे सांगितलं होतं की जे जे जुळून आलं ते ते सुटणार. दोन्ही विधानं तुमच्याचबद्दल होती आणि एका आठवड्यात दोन्ही ऐकायची माझ्यावर वेळ आली. भंतेजींच्या बाजूनं तुमच्या वह्या साक्ष देतात, अध्यक्षांच्या बाजूनं सभागृहातली काचपेटी. मला या दोन्हींबद्दल थोडं ठाऊक आहे. त्यातलं एक मी तुम्हाला बारा वर्षं सांगितलं नाही. ते आता सांगतोय. तुम्ही ऐकणार नाही याची खात्री झाल्यावर माणसाला बरंच धैर्य येतं.

सुरुवात रॉकेलपासून झाली. त्या वर्षी तेल महागलं आणि निपाणीत रॉकेलच्या दुकानासमोर डब्यांची रांग लागायला लागली. माणसं सावलीत बसत आणि डबे उन्हात उभे राहत. गंगाक्का, म्हणजे तुमच्या आई, पहाटेच डबा लावत आणि बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन तिथंच वळत बसत. त्याच महिन्यात आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात सहा महिने उशिरा पोहोचणारं एक परदेशी नियतकालिक आलं. ग्रंथपाल म्हणून मी त्याचा कागदी पट्टा फाडला आणि दरवेळेसारखं ते तुमच्यासाठी बाजूला ठेवलं. वाचणारे तुम्ही एकटेच होतात. मी चाळणारा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात. म्हणालात, “बेळगावकर, पाणी फोडायचं.” मी दर शनिवारी बेळगावला घरी जात असे म्हणून तुम्ही मला हे नाव ठेवलं होतं. माझं खरं नाव तुम्हाला आठवत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत शंका होती.

मग तुम्ही मला समजावलंत, आणि रसायनशास्त्रातलं जे थोडंफार मला आयुष्यात कळलं ते त्या अर्ध्या तासातलं आहे. पाण्यात दोन कांड्या बुडवायच्या, वीज सोडायची. एका कांडीवर हायड्रोजन येतो, दुसरीवर ऑक्सिजन. हायड्रोजन जाळला की चूल पेटते आणि धुराऐवजी पुन्हा पाणीच होतं. पण पाणी सहजी फुटत नाही, त्याला कांडीवर कुणीतरी मध्यस्थ लागतो. स्वतः न संपता काम करून देणारा म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. परदेशात नव्या तऱ्हेची लहान यंत्रं निघत होती, ती आतून ॲसिडाची. त्यात ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनम किंवा त्याहून दुर्मिळ इरिडियम लागे. बाकी कुठलाही धातू त्या ॲसिडात, त्या विजेखाली, काही दिवसांत विरघळून जाई. तुम्हाला तिथं मँगनीज बसवायचं होतं. मँगनीज, जे निकामी झालेल्या टॉर्चच्या सेलमध्ये काळ्या भुकटीच्या रूपात फुकट मिळतं.

मी विचारलं, ॲसिडच कशाला? त्याच लेखात लिहिलंय की ॲसिडच्या उलट बाजूच्या, क्षाराच्या पाण्यात लोखंड, निकेल आरामात टिकतं.

“क्षारात काय, कोणबी टिकतंय,” तुम्ही म्हणालात.

असा तो उद्योग सुरू झाला. सेलच्या मधली काळी कांडी कोळशाची असते. ती काढायची, धुवायची, तिच्यावर मँगनीजचा थर भाजून चढवायचा आणि ॲसिडात सोडायची. गावातले सगळे संपलेले सेल तुमच्याकडे येऊ लागले. माझ्या रेडिओत चार सेल लागत. तुम्ही रविवारी बातम्या ऐकायला येत होता आणि जाताना सेल घेऊन जात होता. एकदा तर बातम्या चालू असताना तुम्ही मागचं झाकण उघडलंत. मी म्हटलं, अहो, अजून बोलतोय तो. तुम्ही म्हणालात, “आवाज बसलाय की. त्याला इश्रांती दे.” त्या दिवशी मुख्यमंत्र्यांचं भाषण अर्धवट राहिलं. त्याबद्दल मी तुमचा आजही आभारी आहे.

गंगाक्कांना तुम्ही घरी बाटलीत थोडा हायड्रोजन जमवून नेऊन दाखवलात. काडी लावली, फट् असा आवाज झाला. गंगाक्का म्हणाल्या, “एवढंच?” तुम्ही सांगितलंत की पुढं पाण्यावर स्टो पेटेल. त्यांनी दोन बिड्या वळल्या आणि विचारलं, “आन् मे म्हैन्यात पाणी कुठनं आणायचं?” तुमच्या संशोधनाचं इतकं नेमकं परीक्षण नंतर कुठल्याच तज्ज्ञानं केलं नाही.

अनुदानासाठी तुम्ही अर्ज केलात तेव्हाची फाइल अजून माझ्याकडे आहे. इंग्रजीतला अर्ज बंगळूरला गेला, तिथून कन्नडमधून विचारणा आली. तुम्ही उत्तर कन्नडमध्ये दिलंत. तुमचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, सीमालढ्यातल्या माझ्या येळ्ळूरच्या मामांना ते कधीच आवडलं नाही. त्यानंतर काहीच आलं नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून मुंबईला लिहिलंत. तिथून ताबडतोब आणि अत्यंत गोड मराठीत कळवण्यात आलं की निपाणीबद्दल शासनाला आत्मीयता आहे, परंतु निपाणी आपल्या राज्यात नाही. तुम्ही ते पत्र वर्गात वाचून दाखवलंत. आम्लधर्मी आणि क्षारधर्मी दोन्ही द्रावणांत न विरघळणाऱ्या पदार्थाचं उदाहरण म्हणून तुम्ही फळ्यावर ‘निपाणी’ लिहिलंत असं विद्यार्थी सांगतात. मी तेव्हा वर्गात नव्हतो.

आपला मोठा वाद प्लॅटिनमवरून. कॉलेजकडे प्लॅटिनमची एक तार होती. बोटभर लांब, प्राचार्यांच्या लोखंडी कपाटात, मखमली डबीत. दर मार्चला साठा तपासणीत तिचं वजन व्हायचं. वापरली तर झिजेल म्हणून ती कोणी वापरत नसे, आणि कोणी वापरत नसल्यामुळे ती किती टिकाऊ आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. तुमची मँगनीजची कांडी तोवर सहा वेळा मेली होती. दरवेळी नवव्या दिवसाच्या आसपास ॲसिड हळूहळू गुलाबी व्हायचं. मँगनीज कांडी सोडून पाण्यात उतरलं की असा रंग येतो. तुम्ही त्या गुलाबी बाटलीकडे बघत बसायचात. मी एकदा म्हणालो, आप्पा, मान्य करून टाका. जे महाग आहे ते महाग आहे म्हणूनच. टिकायचा गुण असा स्वस्तात मिळत नसतो.

मी हे सहज बोललो होतो. तुम्ही बाटली खाली ठेवलीत.

“महागाचंच तेवढं टिकतंय, हे मला सांगू नगंस, बेळगावकर. हे मी ल्हानपणापासनं ऐकतोय.”

गंगाक्कांनी बिड्या वळून तुम्हाला शिकवलं. शाळेत तुम्ही शेवटच्या बाकाच्याही मागं, पोत्यावर बसलात. आणि माझ्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी टिकली. तिला कुणी ॲसिडात बुडवून बघितलेलं नव्हतं. हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. मी चहा मागवला.

आता त्या मे महिन्याकडे येतो.

तुम्हाला बंगळूरला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. सातवी कांडी नुकतीच ॲसिडात सोडली होती, पाचवा दिवस होता. गाडीच्या बॅटरीवर ती चालायची आणि ती बॅटरी चार्ज होत राहायची, म्हणजे गावातली वीज गेली तरी कांडीची जाऊ नये. तुम्ही जाताना मला दोन कामं सांगितलीत. पाणी फुटून कमी होतं, म्हणून रोज खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घालायचं. ॲसिड नाही, फक्त पाणी. आणि कांडी मेली की दिवस लिहून ठेवायचा. “नववा न्हायतर धावा लिहिशील,” असं म्हणून तुम्ही एसटीत चढलात.

दोन दिवसांत बरणीतलं पाणी संपलं. कॉलेजच्या भट्टीवर नवं काढायचं तर वाफ गार करायला नळाचं पाणी धो धो लागतं, आणि नळाला त्या मे महिन्यात फक्त हवा येत होती. मग मी हायवेवरच्या बशीर मिस्त्रींकडे गेलो. ते ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करत, आपली बॅटरीही त्यांचीच. बॅटरीत घालतात तेही ऊर्ध्वपातित पाणीच, एवढं मला माहीत होतं. मिस्त्रींनी एक जुना कॅन भरून दिला. कॅन पूर्वी कशासाठी होता असं मी विचारलं, कारण तळाशी राखाडी गाळ दिसत होता. ते म्हणाले, “जुन्या बॅटऱ्यांचं ॲसिड वतायचा. धुतलाय की, सर. एकदम साफ.”

मी तो कॅन कॉलेजात आणला. प्रयोगशाळेत तो फार विजोड दिसत होता. म्हणून मी त्यातलं पाणी तुमच्या काचेच्या मोठ्या बरणीत ओतलं. बरणीवर तुमच्या वळणदार अक्षरात चिकटवलेलं होतं : ‘ऊर्ध्वपातित. शुद्ध.’ मी ग्रंथपाल माणूस, आप्पा. ज्यावर जे लेबल ते त्याच्या आत असतं, या श्रद्धेवर माझी नोकरी उभी होती. कॅन परत करून मी हात धुतले आणि ती गोष्ट विसरलो.

नववा दिवस गेला. दहावा गेला. मी रोज दुपारी येऊन पाणी घालत होतो आणि वहीत लिहीत होतो : चालू. पंधरावा, चालू. ॲसिड स्वच्छ. विसाव्या दिवशी मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं. सव्विसाव्या दिवशी तुम्ही आलात, स्टँडवरून थेट, वळकटी खांद्यावर. बराच वेळ तुम्ही त्या बुडबुड्यांकडे बघत उभे होतात. मग वळकटी जमिनीवर ठेवून तिच्यावर बसलात. म्हणालात, “लई झालं रं.” तुमचा आवाज असा मी आधी ऐकलेला नव्हता, नंतरही नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी कांडी मेली. पण तोवर बेळगावच्या एका दैनिकाच्या निपाणी वार्ताहरानं बातमी दिली होती, आणि मग थांबवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. कॉलेजनं सत्कार ठरवला. तुम्ही नको म्हणत होता. आधी परत करून बघू द्या, एकदा झालं म्हणजे झालं नव्हे, असं तुम्ही प्राचार्यांना तीनदा सांगितलंत. पण शाल आणून झाली होती. पाहुण्यांची तारीख मिळाली होती. आपल्याकडे पाहुण्यांची तारीख मिळाली की सत्य सिद्ध झालेलं असतं.

गंगाक्का पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर. त्या सभागृहाचा पाया खणताना त्यांनी पाट्या वाहिल्या होत्या. आत मात्र त्या पहिल्यांदाच येत होत्या. पाहुण्यांनी भाषणात ‘तळागाळातून’ हा शब्द नऊ वेळा वापरला. तुम्ही मोजत होता, मला बोटांनी खुणावत होता. कांडी काचपेटीत ठेवली गेली. पेटीला सागवानी चौकट, खाली पितळी पट्टी : ‘ॲसिडात एकेचाळीस दिवस.’ गंगाक्का उठून पेटीजवळ गेल्या. त्यांनी काचेवरून हात फिरवला आणि पदरानं बोटांचे ठसे पुसले.

तुम्ही परत करायला घेतलंत. नऊ दिवस. मग आठ. मग नऊ. पुढच्या वर्षी एकदा अकरा, तेव्हा तुम्ही मला भडंग खाऊ घातलंत. मग पुन्हा नऊ.

तिसऱ्या वर्षी कधीतरी आपण प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसलो होतो. तुम्ही म्हणालात की त्या वेळी आपल्याला कुणीतरी मदत केली. बाटलीत काहीतरी जास्तीचं होतं. मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, समजा, शिसं. शिशाचा कण जरी पाण्यात असला तरी तो त्या कांडीवर तपकिरी थर धरतो. मँगनीज उतरत जातं आणि त्याच्या जागी शिसं बसत जातं. कांडी टिकल्यासारखी दिसते, पण टिकलेली ती नसते, दुसरंच कुणी तिच्या जागी उभं असतं.

मला कॅन आठवला. तळाचा राखाडी गाळ आठवला. ट्रकच्या बॅटरीत शिशाशिवाय दुसरं असतं काय, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवायला मात्र तीन वर्षं लागली. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला पदरानं काच पुसणाऱ्या गंगाक्का दिसल्या. मी म्हटलं, शिसं कुठून येणार? तुम्ही म्हणालात, “व्हय की. कुठनं येणार?” मग तुम्ही तंबाखूच्या भावाबद्दल बोलायला लागलात.

त्यानंतर आपल्यात हा विषय निघाला नाही. तुमच्या कांड्या निघत राहिल्या. शेतकऱ्यांनी हायवे अडवला त्या दिवसांत गावात दुसरं बोलणं नव्हतं, तेव्हाही तुम्ही गर्दीतून वाट काढत पाणी घालायला जात होता. तुमचं लग्नाचं वय गेलं. तुमच्या मागून आलेले विभागप्रमुख झाले. मी माझ्या स्वभावाप्रमाणं टोमणे मारत राहिलो. काय आप्पा, नऊ की साडेनऊ? मला वाटायचं, तुम्ही त्या सत्काराला भुलला आहात, एकदा लागलेला मटका पुन्हा लागेल म्हणून बसणाऱ्यांसारखे. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी तुम्हाला स्पष्टच म्हणालो, आता सोडा हे, माणसं हसतात. खरं तर हसणारा मीच होतो. तुम्ही म्हणालात, “नवाचं धा करायचं हाय रं. धा झालं की सोडतो.” मी म्हटलं, आणि एकेचाळीस? तुम्ही पाण्याची बरणी उचललीत. ते आपलं शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर येता-जाता हात वर करणं तेवढं झालं. मग जानेवारीत सकाळी सायकल काढताना तुमच्या छातीत कळ आली.

तुम्ही गेलात तेव्हा एक कांडी चालू होती. चौथा दिवस. सगळे तुमच्या घरी होते, आणि मला एकदम आठवलं की पाणी कमी झालं असेल. मी मधूनच उठून कॉलेजात गेलो. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाही. तेही खरंच होतं, पण पाणीही घालायचं होतं.

पुण्यानुमोदन झालं त्या संध्याकाळी गंगाक्कांनी मला थांबवून घेतलं आणि वह्यांचं गाठोडं हातात दिलं. “बेळगावकराला दे म्हणालता,” त्या म्हणाल्या. अकरा वह्या. त्या एकेचाळीस दिवसांच्या वहीत माझ्या अक्षरातल्या ‘चालू, चालू’च्या खाली, सत्कारानंतर पंधरा दिवसांनी, तुमच्या अक्षरात एक पान आहे. त्यावर शाईइतका स्पष्ट पिवळा डाग आहे आणि शेजारी लिहिलंय :

‘पेटीतली कांडी काढून खरवडली. शिसं. बरणी ३१व्या दिवशी संपली, कॉलेजचं पाणी सुरू, पुढं दहा दिवसांत मेली. म्हणजे पाण्यातनं. बशीर म्हणतो, बेळगावकर कॅन घेऊन गेलता.’

त्याखाली एक ओळ मोकळी. मग :

‘त्याला विचारायचं न्हाय. भर उन्हात रोज येऊन पाणी घातलंय त्यानं. आईला आत्ताच सांगवत न्हाय. आधी खरं करून दाखवायचं. निदान धा.’

म्हणजे ओट्यावर तुम्ही मला संधी देत होता. आणि पुढची सगळी वर्षं तुम्ही एकेचाळीसच्या मागं नव्हताच. मटका तर नव्हेच. ज्या खुर्चीवर गंगाक्कांना बसवलं होतं, तिच्याखाली निदान एखादी खरी वीट सरकवता येते का, ते तुम्ही बघत होता, आणि मी शेजारी उभा राहून आकडे विचारत होतो. मला राग आला, आप्पा. तुमचा आला. मी मूर्ख आहे हे तुम्ही मला वेळेवर सांगायला हवं होतं. तेवढा आपला स्नेह होता. निदान दोघं मिळून बशीर मिस्त्रींना शिव्या दिल्या असत्या.

प्राचार्यांनी मला काम दिलं आहे. काचपेटीच्या वर तुमचा फोटो लागणार, खाली संगमरवरी फलक, आणि फलकावरच्या चार ओळी मी लिहायच्या. “तुम्ही ग्रंथांतले, तुम्हाला जमेल,” असं ते मला म्हणाले. एकेचाळीस हा आकडा मोठा काढायचा ठरलंय. आता आकडा दगडात कोरायचा म्हटल्यावर मी वह्या घेऊन पुन्हा तुमच्या घरी गेलो. हा प्रश्न प्राचार्यांचा नव्हता.

गंगाक्का दारात बसल्या होत्या. सूप मांडीवर, पण बोटं थांबलेली. मी सगळं सांगितलं. कॅन, बरणी, शिसं. माझी चूक होती हे सांगितलं. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही त्यांच्यापायी गप्प बसलात, हे मात्र वहीतलं पान वाचून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मग खरं किती?” त्यांनी विचारलं.

“नऊ. एकदा अकरा.”

त्यांनी सुपातल्या बिड्यांची एक जुडी उचलली, तिच्यातल्या दोन काढून बाजूला टाकल्या. कारखान्यात माल देताना वाईट बिड्या अशाच निवडून फेकतात, त्याला छाट म्हणतात. साठ वर्षं त्यांची छाट दुसऱ्यानं काढली होती.

“छाट काढून उरतंय तेवढाच माल,” त्या म्हणाल्या. “नऊ लिव्ह.” आणि मग, सुपाकडं बघत, “मला सांगितलं असतं तर मी काय रागं भरणार हुते व्हय रं त्याला?”

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं, आप्पा. ते तुमच्यापर्यंत पोहोचवण्याची माझ्याकडे दुसरी सोय नाही, म्हणून इथं लिहिलं.

तुमची शेवटची कांडी मी बघत होतो. पाणी कॉलेजच्या भट्टीवरचं, मी स्वतः उभा राहून काढलेलं. जानेवारीत नळाला अजून पाणी असतं. नववा दिवस गेला. दहाव्या दिवशी सकाळी ॲसिड स्वच्छ होतं आणि मी, ज्यानं आयुष्यभर कशाची आशा धरली नाही, खुर्ची ओढून बसलो. साडेअकराच्या सुमाराला कांडीच्या कडेनं गुलाबी धागा सुटला. दुपारपर्यंत सगळी बाटली गुलाबी. दहा धरायचे की नाही, हे तुम्ही सांगितलं असतंत. मी वहीत नऊच लिहिलं आणि खाली ‘पाणी कुठलं’ तेही लिहिलं.

फलकाचा मजकूर दिला आहे. तुमचं नाव, विषय, आणि ‘स्वस्त धातू ॲसिडात टिकावा म्हणून बारा वर्षं प्रयत्न केले, तो नऊ दिवस टिकला’. प्राचार्यांनी वाचलं. नवाला वजन येत नाही, असं त्यांचं मत पडलं. मी वह्या दाखवल्या, शिसं ओळखायच्या चाचणीत पडलेला पिवळा डाग दाखवला. त्यांनी डागाला बोट लावून बघितलं आणि प्रकरण समितीपुढं ठेवलं. समितीनं दोन्ही बाजूंचा विचार करून ‘नऊ दिवस’च्या जागी ‘प्रदीर्घ काळ’ घातलं आहे. मी हरकत लिहून दिली आहे. ती कार्यवृत्तात नोंदली जाईल.

अनावरण सोमवारी. पाहुण्यांची तारीख मिळाली आहे. काचपेटीला चंदनाचा हार आत्ताच घातलाय, आणि वर्गात जाणारे विद्यार्थी पेटीसमोर चपला काढतात.

तुमच्या वहीत त्या पिवळ्या डागाच्या पानावर अगदी तळाशी आणखी एक ओळ आहे, ती मी समितीला दाखवली नाही. खरवडण्यात मूळ कांडीचे तुकडे झाले. पेटी रिकामी दिसू नये म्हणून तुम्ही तिथं दुसरी ठेवलीत. ती माझ्या रेडिओच्या सेलमधली आहे.